छतावरचा अँटेना आणि बाबांचा हात

बाबा गेले त्याला आता दुसरा पावसाळा. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं चांगलं लिहितात. मला मात्र माझंच एक वाईट लिहायचं आहे.

इकडे हिंदी मुलखात, ओरछा गेटजवळच्या आमच्या गल्लीत घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, तरी आमच्या छतावर अँटेनाच होता. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. रिटायर झालेले बाबा, आणि लग्न न केलेली, जिभेची तिखट अशी मी. "आभाळातून फुकट येतंय, ते घ्यायला मध्ये दलाल कशाला?" असं बाबांचं म्हणणं. दिसायची एकच सरकारी वाहिनी, तीही मुंग्यांसकट, पण त्यांना तेवढी पुरे. शहराबाहेरच्या कारखान्यात त्यांची सगळी हयात फिटर म्हणून गेली. एके काळी गल्लीतला प्रत्येक अँटेना त्यांनीच बसवलेला. "बाबूजी, ज़रा घुमा दीजिए," म्हणत लोक बोलवायला येत, बाबा पाइप इतकासा फिरवत आणि चित्र लख्ख! यांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. पुढे बाकीच्यांचे अँटेने उतरले, पण बिघडलेल्या इस्त्र्या, मिक्सर, पंखे आमच्या दारात येतच राहिले.

तर झालं असं. पितृपक्षात एक दिवस माकडांनी आमच्या अँटेन्याला लटकून त्याची एक कांडी वाकवली. बाबांनी वर जाऊन ती सरळ केली, तार पुन्हा आवळली. चित्र आलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून दमून घरी आले, तर टीव्हीवर नुसत्या मुंग्या. बाबा छतावर.

"आलं का गं?"

"नाही!"

"आता?"

"नाही म्हणते ना!"

अर्धा तास हेच. शेवटी माझं डोकं फिरलं. अंगणात येऊन ओरडले, "चांगलं चाललं होतं, काल कशाला हात लावलात? तुमच्या हातात आता काही राहिलं नाही, बाबा!"

वर पाइप फिरायचा थांबला. शेजारच्या छतावर दोरीवरचे कपडे काढणारी भाभी तेवढी वाकून बघून गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सहज विषय निघाला, तर शेजारच्या टेबलावरचे भैया हसायलाच लागले. "अरे मैडम, वो सरकारी टावर तो बंद हो गया! पूरे शहर का। अब किसी का एंटीना नहीं चलेगा।" म्हणजे बाबांचं काहीच चुकलं नव्हतं.

घरी गेल्या गेल्या सांगायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. पण दार उघडलं तर बाबा पुन्हा छतावर. "आलीस? बघ गं, आता येतंय का?" आणि मी, सगळं माहीत असलेली मी, टीव्हीसमोर उभी राहून म्हणाले, "नाही, बाबा." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसली मी. काल एवढी तोंड टाकून बोलले, आज माघार कशी घेऊ? उद्या सांगू म्हटलं. असे आठ दिवस बाबा वर चढत राहिले आणि मी खालून नाही नाही म्हणत राहिले. आज ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

नवव्या दिवशी त्यांनी स्वतःच अँटेना उतरवला. मीही छत्री बसवून घेतली. तिच्यावर शंभर वाहिन्या दिसायच्या. बाबा एकही लावत नसत.

मग एकदा ती भाभी बिघडलेली इस्त्री घेऊन आली. बाबांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि परत दिली. "अब हाथ में वो बात नहीं रही, बिटिया। किसी और को दिखा लो।" मी दारातच उभी होते. तेव्हा तरी बोलायचं होतं! नाही बोलले. त्यानंतर बाबांनी पान्याला हात लावला नाही. घरातला साधा बल्ब गेला तरी मलाच सांगायचे, "तूच बदल बाई, माझ्याकडून काहीतरी व्हायचं."

संक्रांतीला मात्र राहवलं नाही. बाबा उन्हात बसले होते, त्यांना तिळगूळ दिला, पाया पडले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. अख्ख्या शहराचंच बंद झालं होतं, तुमचा काही दोष नव्हता, मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, मी मेली लपवून बसले. सांगताना रडले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं, बरं. डोळे पूस." मला इतकं हलकं वाटलं! चार महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

थोड्या वेळाने भाभी तिळगूळ घ्यायला आली. मी आत चहा टाकला होता. बाहेरून बाबांचा आवाज आला, चक्क कौतुकाचा. "हमारी बेटी ज़बान की कड़वी है, पर मन की बहुत अच्छी। बूढ़े बाप का मन रखने को कहती है, सारे शहर का बंद हो गया था।"

मी तशीच बाहेर आले. "बाबा, अहो खरंच! देवाशप्पथ!"

"हो गं बाई, खरं," ते म्हणाले. लहानपणी मी काहीबाही सांगायचे तेव्हा म्हणायचे, अगदी तसं. मी चहा पुढे केला. सांडू नये म्हणून त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. हात जरासुद्धा थरथरत नव्हते.