ते गाणं पारंपरिक न्हाई

"आता सादर होत आहे एक पारंपरिक धनगरी गीत. कवी अज्ञात."

निवेदन करणाऱ्या बाईनं माईकवर असं म्हणलं, तवा मी तिच्या मागंच उभी व्हते. गळ्यात ढोल. परभणीतला हॉल गच्च भरलेला. पुढच्या खुर्च्यांवर मास्तर, वकील, डॉक्टर, त्यांच्या बायका. टाळ्या पडल्या. आमच्या गाण्याच्या क्लासच्या सरांची लेक पुढं आली. तिच्या खांद्यावर माझ्या बापाचं घोंगडं. शोभा येती म्हणून सरांनी मागून घेतलेलं.

गाणं माझं व्हतं. शब्द माझे. चाल माझी.

माझी माय मेंढरामागं चालता चालता देवगाव फाट्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडंला बाळंत झाली. ते लेकरू मी. आमच्या बोरीकडच्या वस्तीवर बाया हे सांगायच्या. मी त्याचं गाणं केलं.

बाभळीच्या बुडी माय बाळंत झाली,
नाळ कापून मेंढरामागं निघाली.

सरांचा शहरात संगीताचा क्लास व्हता. मी तिथं शिकले, मग तिथंच लेकरांना शिकवाय लागले. ढोल आन् पावा बापाकडून आलेला. पेटी देवळातल्या भजनात हाताला लागली. क्लासच्या कोपऱ्यात पडलेल्या गिटारीला तारा बसवल्या आन् तीबी वाजवली. सर पाव्हण्यांना दाखवायचे, "ही आमची रानातली पोरगी. काहीही द्या, वाजवते." पाव्हणे हसायचे. मीबी हसायचे. क्लासमधल्या पेटीला हात लावायच्या आधी सर म्हणायचे, "आधी हात धू. मेंढरांचा वास येतो." मी धुवायचे. साबण लावून. तळहात लाल होईस्तोवर.

गाणं पहिल्यांदा सरांनाच ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"चाल चांगली आहे. पण भाषा शुद्ध करावी लागेल. आणि बाळंतपण स्टेजवर बरं दिसत नाही."

त्यांनी 'बाळंत झाली' खोडलं. 'विसावली' लिहिलं. नाळ उडवली. तालमीला गेले तर माईकपुढं त्यांची लेक. मला ढोल.

"सर, माझं नाव?"

"लोकगीताला नाव नसतं गं. तुमच्या समाजाचंच तर आहे."

मी ढोल गळ्यात अडकवला. गप बसायची लय सवय व्हती.

त्या दिवशी हॉलात लेक गायली. गळा गोड हाय तिचा, खोटं कशाला बोलू. "बाभळीच्या सावलीत माय विसावली." पुढच्या रांगेतल्या बाया माना डोलवायल्या व्हत्या. माझी माय विसावली न्हाई. तिचं रक्त थांबलं नव्हतं. घोटभर पाणी पिली, मला पदरात बांधलं आन् चालाय लागली. त्यानंतर ती कधीच धड झाली न्हाई. मी लहान असतानाच गेली. आन् हे लोक तिला सावलीत बसवून टाळ्या वाजवायलेत.

मी ढोल थांबवला.

लेक बावरली. मी माईकपुढं गेले.

"हे गाणं पारंपरिक न्हाई. मी केलंय. माझ्या मायचं हाय. ती विसावली न्हाई."

कुणीतरी हसलं. माईक बंद झाला. मी माईकबिगर माझं गाणं म्हणलं. ढोल बडवत, घसा ताणून. 'बाळंत झाली' आलं तसं एक बाई नाकाला पदर लावून उठून गेली. पडदा पाडला. मी पडद्यामागं गाणं पुरं केलं.

सर विंगेतून धावत आले. "तुला माणसात मी आणलं!"

"आधीबी माणसातच व्हते सर. मेंढरं राखणारी माणसंच हायत."

क्लासमधलं काम सुटलं. शहरातले कार्यक्रम बंद झाले. "ती? ती स्टेजवर भांडते," एवढं सांगितलं की भागतं. बाप म्हणला, "एवढं काहून बोललीस बाई? मोठी माणसं हायत ती." सरांपेक्षा त्याच्यावर जास्त राग आला. मग कळलं, ही भीती त्याची एकट्याची न्हाई. त्याच्याही बापाला कुणीतरी असंच हात धुवाय लावलं असंल.

सरांच्या लेकीचा व्हिडिओ आता लग्नात वाजतो. खाली लिहिलेलं असतं, पारंपरिक. मी वस्तीवर मोबाईलवर केलेला व्हिडिओ कुणी बघत न्हाई. हे कडू हाय. गोड करून सांगणार न्हाई.

परवा सरांचा फोन आला. "झालं गेलं सोड. मोठा कार्यक्रम आहे. तुझ्यासारखा ढोल कुणाला जमत नाही. शेवटी तुझं नाव घेऊ."

"गाणार मी. शब्द माझे. नाव आधी."

"तसं नाही जमणार."

"मग मलाबी न्हाई जमत."

फोन ठेवला. आता झरीच्या बाजारात गाते. ढोल, पावा, गिटार, पेटी, सगळं एकटीच वाजवते. लोक थांबले तर थांबले. न्हाईतर गेले.

सध्या नवं गाणं करायलेय. त्यात सर हायत, त्यांचा साबण हाय, त्यांचा हॉल हाय. कुणाला बरं दिसो न दिसो, त्यातला एक शब्द बदलू देणार न्हाई.