नव्वद दिवसांची थंडी

इजिप्तमधल्या टांटा शहरात, चौथ्या मजल्यावरच्या घरात इन्साफ मसूर निवडत बसली होती. नवरा फिक्री जाऊन चाळीस दिवस झाले होते. विधवेने चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून थोरली नणंद हाज्जा नाजिया राखणीला मुक्कामीच आली होती.

दारावर थाप पडली.

खालच्या मजल्यावरची मुसादची आई समाचाराला आली होती. नाक लाल, डोळ्यांना पाणी. इन्साफ मागे सरकली, पण मागे भिंत. बाईने दोन्ही गालांचे मुके घेतले आणि मगच मनसोक्त खोकली.

"अंग तापलंय गं तुझं!" इन्साफ म्हणाली.

"छे! काल औषधाच्या दुकानात सर्दीची सुई टोचून घेतली. आता फ्लू काय करतोय मला!"

इन्साफचा हात ताटातच थांबला. हेच फिक्री म्हणायचा. ताप आला की तीन औषधं एकत्र केलेली ती सुई घ्यायची. घाम सुटून अंग हलकं व्हायचं. लशीचं नाव काढलं की, "एक सुई झाली, दुसरी कशाला?" यंदाही अंग हलकं झालं आणि चौथ्या दिवशी छाती भरली. इस्पितळातल्या डॉक्टरणीने इन्साफला बाजूला घेतलं होतं. "ती सुई नुसता ताप झाकते. लस दुखणं यायच्या आधी घ्यायची, दरवर्षी नवी. अंगात मुरायला दोन आठवडे लागतात. तुम्हाला दमा आहे, उशीर करू नका." दुसऱ्याच दिवशी फिक्री गेला आणि इन्साफला घराचं दार बंद झालं.

"हाज्जा, औषधाचं दुकान कोपऱ्यावरच आहे. लस घेऊन लगेच येते. औषधपाण्याला मनाई नाही, मशिदीतले शेखच म्हणाले ना?"

"ते आजारी बाईला! तू तर धडधाकट. लोक म्हणतील, नवऱ्याची माती वाळली नाही अन् ही निघाली बाजारात. नव्वद दिवस राहिलेत, मग हिंड हवी तेवढी."

नव्वद दिवसांनी थंडीच संपणार होती. तोवर रोज कुणीतरी येणार, मुके घेणार, खोकणार. समाचाराला आलेल्याला परतवून कसं लावायचं?

"भावाच्या मागे जगायची फार हौस दिसते बाई," हाज्जा पुटपुटली.

"आहे," इन्साफ म्हणाली. खिडकीतून खाली दुकानाची हिरवी पाटी दिसत होती. "मी उंबरा ओलांडत नाही, हाज्जा. तुम्ही खाली जा आणि दुकानात सुई टोचणाऱ्या मर्वतबाईंना सांगा, मला टोचायला फ्लूची लस घेऊन आजच वर या म्हणावं."