दाब, सोड

आमच्या ह्यांना सगळे 'लाइटवाले काका' म्हणायचे. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्यांचे दिवे दुरुस्त केले आणि एकतीस वर्षं मी ब्रेक दाबला. हसू नका. ब्रेकचा दिवा एकट्याला तपासता येत नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. गॅरेजच्या मागच्या खोलीतच आमचा संसार, त्यामुळे भांडी घासत असले तरी हाक यायची, "अगं, ये जरा!" साबणाच्या हातांनी मी लोकांच्या सीटवर जाऊन बसायची आणि मागून हुकूम सुटायचे. "दाब! सोड! दाब! सोड!"

त्यांची सगळी विद्या एका शब्दात होती, अर्थ. बल्बची एक वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने कसलेली असते, करंट त्या वाटेने परत जातो. धंद्यात तिला अर्थ म्हणतात. बोल्ट गंजला की अर्थ गेला. मग नवा बल्ब घाला नाहीतर अख्खं वायरिंग बदला, दिवा काही धड लागत नाही. एकदा भांडणात मी कपाळावर हात मारून म्हटलं, "ह्या संसाराला काही अर्थच नाही!" तर हे शांतपणे म्हणतात, "पॉलिश पेपर आण, घासून देतो." आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

मागच्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दोन महिन्यांनी एकच शब्द परत आला, तोही हाच. पाणी हवं असलं तरी "अर्थ", पाठ दुखली तरी "अर्थ". डॉक्टर म्हणाले, "असा एखादा शब्द तोंडात राहून जातो. त्यामागे काही असेलच असं नाही." मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमच्या गोळ्या बघा, माझा नवरा मला कळतो. मुलगी डॉक्टरांच्याच बाजूची. "आई, गॅरेज बंद कर, दोघं माझ्याकडे या." मी ऐकते कुठली! हे सांगतील आणि मी हातांनी करीन, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

गेल्या रविवारी ती आम्हाला न्यायलाच आली. तिने ब्रेक लावला आणि मी मागून बघितलं, तर डावा दिवा मिणमिणता, वर शेजारचा इंडिकेटरही त्याच्याबरोबर उजळतोय.

"लाइटवाल्याची लेक ना तू? जरा तरी लाज?"

"अगं, दोनदा बल्ब बदलून घेतला!"

ह्यांची खुर्ची दारातच होती. त्यांनी डावा हात उचलला, दिव्याकडे केला आणि म्हणाले, "अर्थ."

माझ्या अंगावर काटा आला. "ऐकलंस? ऐकलंस ना? आता बोलव तुझ्या डॉक्टरला!" मी डिकी उघडली, दिवा सोडवला. आत बोल्ट गंजून तांबडा झालेला. मी तो घासला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायर पुन्हा कसली. इतकी खूश मी वर्षभरात झाले नव्हते.

"मी मागे बघते," मुलगी म्हणाली.

"तू नाही. बाबा बघतील."

खुर्ची ओढत गाडीच्या मागे नेली आणि मी आत जाऊन बसले. मुलगी माझ्या खिडकीशी उभी राहिली. "अहो, सांगा आता. दाब म्हणा."

शेवटी मीच दाबला. आरशात त्यांचा सदरा लाल झालेला दिसला, स्वच्छ, भरपूर लाल.

"लागला, आई. मस्त लागला."

"गप्प बस. त्यांना सांगू दे." मी पाय तसाच ठेवला. "अहो, सोडू का?"

कुंपणाच्या भिंतीवरून एक मांजर चाललं होतं. त्यांनी डावा हात उचलला, मांजराकडे केला आणि म्हणाले, "अर्थ." तोच स्वर, तोच हात. मग रिकाम्या भिंतीकडे बघून पुन्हा, "अर्थ." दिव्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

बिघाड कुठे आहे ते मला तेव्हा कळलं. तिथपर्यंत माझा पॉलिश पेपर पोचणार नव्हता.

तरी मी पेडलवरून पाय काढला नाही. आजवर त्यांनी सांगितल्याशिवाय कधी काढलाच नव्हता. डोळ्यांपुढचा आरसा धूसर झाला. खिडकीतून मुलीचा हात माझ्या खांद्यावर आला.

"आई," ती म्हणाली, "सोड आता."

मी आणखी थोडा वेळ दाबूनच धरला.