सुंदराबाईंच्या हाताला गुण नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी

मंगळवारी लातूरला जाऊन आले आणि अजून माझा राग उतरलेला नाही... म्हणून मुद्दाम सावकाश, क्रमाने लिहिते आहे.

मी नांदेडला बागकामाचे आणि लँडस्केपिंगचे प्रशिक्षण देते. उतार काढणे, लॉन बसवणे, ठिबक टाकणे, झाड लावणे, छाटणे... हे सारे शिकावे लागते आणि शिकताना फार मजा येते, हे मी भेटेल त्याला सांगत असते. लातूरच्या एका नव्या वसाहतीतल्या बागेची झाडे का वाळतात ते पाहायला तिथल्या ठेकेदारांनी बोलावले होते. त्यांच्या मजुरांना शिकवण्याची संधी मिळेल, या आशेने मी मोठ्या उत्साहाने गेले.

ती आशा पहिल्या चहाबरोबरच संपली. ठेकेदार म्हणाले, "म्याडम, खड्डा खंदायला कसला आलाय कोर्स? खत कोनतं टाकायचं तेवढं सांगा."

बागेत काही बाया नवी रोपे लावत होत्या. त्यांतल्या एक बाई टेम्पोतून रोप आणायच्या, खड्ड्याच्या काठावर ठेवायच्या आणि लगेच मागे सरायच्या... दर वेळी. मातीला हातच नाही. मी कारण विचारले.

"सुंदरीला नका सांगू लावायला," एक जण हसत म्हणाली. "तिच्या हाताला गुण न्हाई. आमचं लागतंय, तिचं वाळतंय. ती भितीकडची लाईन बघा, मागल्या साली तिनंच लावली."

कुंपणाच्या भिंतीलगत कडुनिंबाच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या. इतर बायांची झाडे मात्र बऱ्यापैकी जगली होती. सुंदराबाई खाली मान घालून उभ्या होत्या.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "गावात बी कळलंय आता. ज्वारीची पेरणी आली... पर सासू म्हनली, औंदा पहिली मूठ तू धरायची न्हाई."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पेरणीच्या वेळी चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या बी सोडायच्या लाकडी वाटीत, बियाण्याची पहिली मूठ सोडण्याचा मान सुंदराबाईंच्या घरात सुनेचा असतो. कुणाच्या तरी बागेतली झाडे वाळली, म्हणून या बाईंचा स्वतःच्या शेतातला मान गेला होता.

मी कुदळ मागितली आणि त्या रांगेतले एक वाळलेले झाड मुळासकट उपटायला लावले... मुळांभोवती रोपवाटिकेची काळी प्लास्टिकची पिशवी होती. अख्खी, एकही छेद नसलेली. आत मुळे गोल गोल फिरून दोरीसारखी गुंडाळली गेली होती.

मग एका जगलेल्या झाडाची माती बाजूने उकरली. पिशवी तिथेही होती! पण ती फाटलेली होती आणि त्या फटीतून मुळे बाहेर पडून जमिनीत शिरली होती. म्हणजे पिशवी कुणीच काढली नव्हती... फक्त सुंदराबाईंची पिशवी फाटली नव्हती.

"पिशवी काढली का नाही, सुंदराबाई?"

"सायबानीच सांगितलं की... पिशवी फुटू द्यायची न्हाई. ह्या बाया शेंड्याला धरून वढत्यात, मंग फुटती. मी आपली लेकरावानी दोन्ही हातानं धरून ठिवायची."

ठेकेदार उसळले, "आवो, ते टेम्पोतून उतरवताना म्हनलो होतो!"

"आणि लावताना काय सांगितलंत?"

"लावताना काय सांगायचं असतंय?"

तेवढ्यात मघाची हसणारी बाई पुटपुटली, "म्हंजे आमची झाडं आमच्या आडदांडपनानं जगली व्हय?"

खरे सांगते, त्या क्षणी माझा आवाज चढला. सांगितलेला शब्द ज्या बाईने सर्वांत काळजीने पाळला, तिचीच झाडे मेली. आणि वर्षभर दोष कुणाला? तिच्या हाताला! शिकवायचे नाही, समजावायचे नाही, चुकले की माणसालाच अपशकुनी ठरवायचे... वायर जोडायला आपण वायरमन शोधतो. बागेला मात्र नाक्यावरून मिळेल तो माणूस आणायचा, त्याला अर्धे वाक्य सांगायचे आणि पुढचे सगळे त्याच्या नशिबावर सोडायचे. ही कोणती रीत?

नंतर मी शिकवले. रोपाला आदल्या दिवशी पाणी द्यायचे, म्हणजे मातीचा गोळा सुटत नाही. पिशवीचा तळ ब्लेडने कापायचा, बाजूने वरपर्यंत एक चीर द्यायची, गोळा खड्ड्यात बसवून मगच पिशवी अलगद ओढून घ्यायची. इतके सोपे आहे... आणि तरीही आपोआप कुणाला सुचत नाही. शिकणे म्हणतात ते यालाच.

सुंदराबाईंनी ते ब्लेड माझ्या हातातून घेतले. भिंतीकडची रांग त्यांनी पुन्हा लावायला घेतली आणि कुणी त्यांना अडवले नाही.

काम सुटल्यावर त्यांनी मघाचे वाळलेले कडुनिंब उचलले, पिशवीसकट पोत्यात घातले आणि बसस्टँडकडे निघाल्या.

"सुंदरे, कचरा कुटं न्यायलीस?" ठेकेदारांनी विचारले.

"घरी. सासूला दाखवायचाय."

कोर्सविषयी ठेकेदारांनी अजून काही कळवलेले नाही. पहिली मूठ कुणी धरली, तेही मला ठाऊक नाही... ते कळेपर्यंत हा राग मी जपून ठेवणार आहे. सुंदराबाई, ते पोते उचलून नेलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या हाताला काहीही झालेले नव्हते.