घराचा आशीर्वाद, किल्लीवालीच्या तोंडून

किल्लीवाली मुकी आहे, असा गल्लीतल्या निम्म्या लोकांचा समज होता, आणि तिने तो कधी खोडून काढला नाही. तिला बोलता येत होतं. बोलताना ती अडखळायची, एवढंच. पण ती अडखळली की समोरच्याला दम म्हणून धरवत नसे. तो तिचं वाक्य आपणच पुरं करून टाकायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं. एकदा ती समोरच्या सायकलवाल्याकडे पाना मागायला गेली. "पा... पा..." एवढं ऐकून त्या भल्या माणसाने तिला तांब्याभर पाणी आणून दिलं. तिने ते निमूट पिऊन टाकलं, कारण समजावून सांगण्यापेक्षा पिणं सोपं होतं, आणि घरी येऊन पान्यासाठी नवऱ्याला पाठवलं.

नवरा मात्र बोलघेवडा. सगळ्या गावाला कुलपं लावणाऱ्या त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडाला कुलूप नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं किल्ल्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांशी गप्पा त्याच्या आणि काम हिचं. मूळ किल्ली यंत्राच्या एका पकडीत, कोरी किल्ली दुसऱ्या पकडीत, मग चाक सुरू. पितळेचा भुगा तिच्या मनगटापर्यंत चढायचा. कापून झालं की कानशीचे दोन हात, ब्रशचा एक, अंगठ्याने कड तपासायची आणि किल्ली गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायची. तिने केलेली किल्ली लागली नाही म्हणून परत आली, असं वर्षातून एखाद्या वेळी घडायचं, आणि तेव्हाही दोष बहुतेक कुलपाचाच निघायचा.

लोकांची घरं कुलपांनी राखणाऱ्या या घराचं स्वतःचं रक्षण स्वयंपाकघरातल्या एका फळीवर असायचं. फादरांनी चर्चमध्ये आशीर्वादित केलेल्या पाण्याची बाटली, तसंच आशीर्वादित मिठाची डबी, एक मेणबत्ती आणि खडूचा तुकडा. दरवर्षी नाताळानंतर येणाऱ्या तीन राजांच्या सणाच्या रविवारी घराचा कर्ता हे सगळं घेऊन खोलीखोलीतून फिरायचा. तो प्रार्थना वाचायचा, पाणी शिंपडायचा, कोपऱ्यात चिमूटभर मीठ टाकायचा. बाकीचे मागोमाग 'आमेन' म्हणत जायचे. शेवटी बाहेरच्या दाराच्या चौकटीवर खडूने वर्षाचे आकडे, तीन अक्षरं आणि मधेमधे क्रूस काढायचे. ख्रिस्ताने या घराला आशीर्वाद द्यावा, असा त्या अक्षरांचा अर्थ. यात जादूटोणा काही नाही, असं नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा. कुलूप चोरासाठी असतं, हे आमच्यासाठी आहे.

त्या कुटुंबात एक न लिहिलेला नियम होता. ज्याच्या हातात ती बाटली तो कर्ता, आणि कर्त्याचा शब्द शेवटचा. सासऱ्यांचा थोरला मुलगा हेडमास्तर होऊन आपल्या दुमजली घरात राहायला गेला, तेव्हा त्यांनी बाटली धाकट्याच्या, म्हणजे किल्लीवालीच्या नवऱ्याच्या, हाती दिली. त्याच वर्षी धाकट्याने पुढच्या खोलीची भिंत फोडून दुकान काढलं. सासूबाईंच्या ते मुळीच मनात नव्हतं, पण त्यांनी ब्र काढला नाही.

आणि मग एका दुपारी हा बोलघेवडा माणूस हातातलं कुलूप हातात ठेवून, बसल्याबसल्या गेला. सासरे आधीच गेले होते. घरात उरल्या तिघी: सासूबाई, किल्लीवाली आणि वीस वर्षांची लेक.

पुढचा सण जवळ आला तसे हेडमास्तर दीर घरी आले आणि त्यांनी ठरलेलं सगळं सांगून टाकलं. यंदा घराला आशीर्वाद ते देतील. त्यानंतर दुकान बंद करायचं, तिघींनी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला यायचं, लेकीला एका ऑफिसात चिकटवून देता येईल. माणूस वाईट नव्हता. भावाच्या माणसांची त्यांना खरीच काळजी होती. पण दुकानात गिऱ्हाइकाशी बोलणार कोण, हे त्यांनी किल्लीवालीच्या तोंडावर विचारलं, आणि ते तिला झोंबलं. दुकान बंद झालं तर तिच्या हातांना दुसरं कसलंच काम येत नव्हतं, आणि लेकीचे हात तर त्याच यंत्रावर तयार झाले होते.

"भाऊजी, मी क... क..." तिने सुरुवात केली.

"कंटाळलीस, मला कळतंय," दीर म्हणाले.

तिला 'करीन' म्हणायचं होतं. तिने कागद ओढला आणि लिहिलं, 'आशीर्वाद मी देईन. या घराची कर्ती मी आहे'. दिरांनी कागद दोनदा वाचला, खिशातलं लाल पेन काढून शेवटी राहिलेला पूर्णविराम दिला आणि परत केला.

"आशीर्वाद लिहून देता येत नाही," ते म्हणाले. "मोठ्याने वाचावा लागतो. शेवटपर्यंत वाचलास तर दुकानाचं मी पुन्हा नाव काढणार नाही. मधेच थांबलीस तर पुस्तक मी घेईन, आणि मग माझं ऐकायचं."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. "ठरलं," त्या म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

ठरलं खरं, पण वाचायचं किल्लीवालीला होतं. घरात रोज संध्याकाळी रोझरीची जपमाळ व्हायची. तिचा अर्धा भाग सगळे मिळून म्हणतात, आणि सगळ्यांच्या आवाजात मिसळून ती तो खडा न लागता म्हणायची. पण आधीचा अर्धा, जो एकाने एकट्याने म्हणायचा असतो, तो तिच्या वाट्याला कधी आला नव्हता. बावीस वर्षांच्या संसारात तिने माळेतली एकही 'नमो मारिया' प्रार्थना सुरुवातीपासून मोठ्याने म्हटली नव्हती. शिवाय एरवी अवघड शब्द आला की ती तो टाळून शेजारचा उचलायची. 'पाहुणे' नको, 'मंडळी' आली. 'परवा' नको, 'गुरुवारी' म्हणू. प्रार्थनेत अशी पळवाट नसते. आणि तिचा सगळ्यात मोठा वैरी 'प' तर त्या पुस्तकात पानोपानी दबा धरून बसलेला: पिता, पुत्र, पवित्र आत्मा, प्रभू, पाप, पाणी. लिहिणाऱ्याने तिच्यावर डूख धरूनच ते लिहिलं असावं, असं तिला वाटलं.

एक चिठ्ठी लिहून ती फादरांकडे गेली. फादर स्वतः इतके भरभर बोलायचे की मिस्सा संपल्यावर लोक एकमेकांना विचारायचे, आज प्रवचन कशावर होतं. चिठ्ठीत दोन प्रश्न होते. घराला आशीर्वाद द्यायला तुम्हीच याल का? आणि नाहीच आलात, तर पित्याऐवजी 'बाबा' म्हटलं तर चालेल का?

येतो की, आत्ता येतो, असं म्हणून फादर उठलेसुद्धा. मग तिच्याकडे बघून परत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा सावकाश बोलले. "मी आशीर्वाद देऊन निघून जाईन. राहणार तुम्ही. आणि बाबा म्हटलेलं देवाला चालेल. तुम्हाला चालेल का, तेवढं बघा."

त्यांनी पाण्याला, मिठाला आणि खडूला आशीर्वाद दिला, आणि ते सगळं पिशवीत घेऊन ती त्यांच्यावर चांगलीच चिडून घरी आली. चालणार नव्हतं, हे तिला जाण्याआधीच माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दुकान उघडण्याआधी ती वाचायला बसू लागली. एकदा हाताला काम म्हणून तिने यंत्र सुरू केलं, आणि त्या कर्कश घरघरीत तिच्या तोंडून आख्खी प्रार्थना सुतासारखी सरळ निघाली. पिता, पुत्र, प्रभू, सगळे रांगेने आले. यंत्र बंद केलं की पहिल्याच 'प'ला गाडी अडली. पुन्हा सुरू केलं की पुन्हा सरळ. लेक दारात उभी राहून हे बघत होती, आणि ती बापाच्या वळणावर गेलेली असल्यामुळे तिला लगेच युक्ती सुचली. यंत्र चाकं लावलेल्या टेबलावर ठेवायचं, लांब वायर लावायची आणि आईच्या मागोमाग खोलीखोलीतून ढकलत न्यायचं. काकांना सांगायचं, दुकानालाही आशीर्वाद हवा, म्हणून यंत्र बरोबर घेतलंय.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट, पण किल्लीवालीने दोन दिवस त्यावर खरोखर विचार केला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याची उंचीही मोजून पाहिली. तिसऱ्या सकाळी तिने मानेने नाही म्हटलं. मग लेक म्हणाली, मी तुझ्याबरोबर हळूच म्हणत जाईन. त्यालाही तिने नाही म्हटलं, आणि यंत्र बंद करून, बराच वेळ घेऊन, मोठ्याने सांगितलं.

"मशिनच्या आवाजात मी नीट बोलते, कारण कोणाला ऐकू जात नाही. माझं बोलणं सगळ्यांना ऐकू जायला हवंय. तुम्ही आमेन म्हणायचं. मी अडले तर थांबायचं. माझं वाक्य कोणी पु... पुरं करायचं नाही."

रविवारी दीर कोट घालून आले. त्यांच्या खिशात त्यांचं स्वतःचं प्रार्थनेचं पुस्तक होतं आणि पानात खूण घातलेली होती. लेकीने मेणबत्ती धरली, सासूबाईंनी मिठाची डबी, किल्लीवालीच्या एका हातात बाटली आणि दुसऱ्यात पुस्तक. तिने सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला अडली. 'पित्याच्या' म्हणायला तिला आठ वेळा तोंड उघडावं लागलं. लेकीने ओठ इतका चावला की पांढरा पडला. दिरांनी घड्याळ पाहिलं. पण शब्द आला, आणि त्याच्या मागोमाग पुत्रही आला.

बसायची खोली झाली. तिला लागला तेवढा वेळ लागला, मेण लेकीच्या बोटांवर ओघळलं. स्वयंपाकघरात ती शिंपडू लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, शेगडीवर जरा जास्त टाक, भांडणं तिथेच होतात. झोपायच्या खोलीत नवऱ्याच्या उशीवर पाणी पडलं आणि ती थांबली. तिथे ती अडली ती कुठल्या अक्षराने नव्हे. तिला रडू आलं, ती रडली, डोळे पुसले आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे वाचू लागली.

मग ती दुकानाच्या दाराकडे वळली.

दीर म्हणाले, दुकान राहू दे, ते बंदच व्हायचंय. तिने कोपराने दार ढकललं आणि आत गेली. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या रांगा, बाकावर यंत्र, कानशी, न्यायच्या राहिलेल्या दोन किल्ल्या. शेवटची प्रार्थना कामाची होती. "या हातांच्या प..." एवढं म्हणून ती अडली.

असं अडणं त्या सकाळभरात झालं नव्हतं. ओठ मिटले ते मिटलेच. मानेची शीर उभी राहिली. बाहेरून एक सायकल गेली, तिची घंटी वाजली आणि विरलीसुद्धा. दिरांनी पुस्तकाच्या कडेला हात लावला. तिने पुस्तक सोडलं नाही. जन्मभर पोरांना शब्द सांगत आलेला तो माणूस, सवयीने त्याचं तोंड उघडलं, 'परिश्रमांना' हा शब्द त्याच्या जिभेवर आलेला तिला दिसला. तेव्हा तिने बाटलीचा हात वर केला. शाळेत पोरं वर करतात तसा नव्हे, मास्तर वर्गाला गप्प करायला करतात तसा. दिरांनी तोंड मिटलं आणि पुस्तकावरचा हात काढून घेतला.

"परिश्रमांना," किल्लीवाली म्हणाली, "यश दे, आणि या दारातून जो येईल, जो जाईल, त्याला तुझी शांती दे. आमच्या प्रभू ख्रिस्ताच्या द्वारे."

"आमेन," लेक म्हणाली. "आमेन," सासूबाई गल्लीत ऐकू जाईल अशा म्हणाल्या. आणि मग, क्षणभर उशिरा, हेडमास्तरांच्या कमावलेल्या आवाजात तिसरं आमेन आलं. बावीस वर्षं ती इतरांच्या प्रार्थनेला आमेन म्हणत आली होती. आज पहिल्यांदा ते तिच्या प्रार्थनेला आलं. तिला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा हे कळेना. तिने यंत्रावर पाणी शिंपडलं, किल्ल्यांवर शिंपडलं, लेकीवर, सासूबाईंवर, आणि दिरांवर चांगला ओंजळभर हबका मारला. त्यांच्या चष्म्यावरून पाणी ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही, क्रूसाची खूण केली.

चौकटीवर लिहायचं तेवढं राहिलं होतं. लेकीने दुकानातलं स्टूल बाहेर आणलं. त्याचा एक पाय आखूड होता. किल्लीवाली चढली तशी ते डुगडुगलं, आणि दिरांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी धरलं. तिने वर्षाचे आकडे काढले, अक्षरं काढली, क्रूस काढले. लिहिताना तिचा हात कुठेही अडला नाही.

"दुकान उद्या न... नऊला उघडेल, भाऊजी," तिने वरूनच सांगितलं.

"नऊला? तो तर साडेआठला उघडायचा," दीर म्हणाले.

"मी नऊला उघडते."

दीर काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी "बरं" म्हटलं, आणि ती खाली उतरेपर्यंत स्टूल सोडलं नाही.