वहिनींची उंच गाडी

दादाचा फोन आला तेव्हा मी सियागंजात माझ्या दुकानात बसून एका गिऱ्हाइकाशी वायरच्या बंडलावरून हुज्जत घालत होतो. स्क्रीनवर त्याचं नाव बघून मी बंडल तिथेच ठेवलं, कारण अर्धांगवायू झाल्यापासून माझा भाऊ फोन करत नाही. त्याला शब्द सापडत नाहीत, आणि सापडले तरी जिभेवर अडतात. फोन नेहमी वहिनीच करायच्या. "ये," एवढंच म्हणाला तो. मग नुसता श्वास... आणि पुन्हा, "ये." गिऱ्हाईक तसंच सोडून निघालो. तुकोगंजातल्या घरी पोचलो तर वहिनी सोफ्यावर मान टेकून बसलेल्या, बाजारातून येऊन जरा दम खात असाव्यात तशा. शेजारचे डॉक्टर उभे होते. हृदय बंद पडलं, म्हणाले. बाहेर पोर्चमध्ये गाडीचं बॉनेट अजून गरम होतं, आणि मेथीची जुडी मागच्या सीटवरच राहिली होती.

याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे लोक वहिनींच्या पुरणपोळ्या काढतात, त्यांचं गाणं काढतात. खरं आहे सगळं. पण मला विचाराल तर वहिनी म्हटलं की मला ती गाडीच आठवते, कारण आम्ही दोघं जन्मात सगळ्यात जास्त भांडलो ते त्या गाडीवरून.

आमच्या घरात गाडी म्हणजे सेडान. मागे डिक्की, पुढे लांब बॉनेट, आणि मधे माणूस आरामात बसलेला. दादा वकील, त्याची पांढरी सेडान कोर्टाच्या फाटकातून आत शिरली की पानवाला सुद्धा उठून "वकील साहब" म्हणायचा. माझी पण सेडानच, आणि अजूनही आहे. रस्त्याला धरून चालते, वळणावर डुलत नाही, पेट्रोल कमी पिते, सामान डिक्कीत गुपचूप बसतं. आणि हल्ली जो उठतो तो एसयूव्ही घेतो! गल्ली एवढीशी, घरात माणसं मोजून चार, आणि दारात हत्ती बांधलेला. मी लोकांना विचारतो, का रे बाबा? कुणी म्हणतं स्पीड ब्रेकरला खाली घासत नाही, कुणी म्हणतं पाणी साचलं तरी निघते, कुणी म्हणतं वरून लांबचं दिसतं. एकजण खरं बोलला: "भिया, सब ले रहे हैं तो अपन क्यों छोटे दिखें?" असल्या हौसेला माझा कायमचा नकार होता, आणि तो मी वहिनींना, त्यांनी न विचारताही, ऐकवत असे.

मग दादाला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वहिनींनी खपून त्याला उभं केलं, काठीने घरात चालायला लावलं. दादाचा एक शौक होता, रविवारी सकाळी राजवाड्याजवळच्या ठेल्यावर उभ्याने पोहे-जिलबी खायची आणि ओळखीच्यांशी तासभर चकल्लस करायची. तो बरा झाल्यावर मीच मोठ्या उत्साहाने त्याला तिकडे घेऊन गेलो, त्याच्याच सेडानमधून. आत बसताना तो धपकन बसला, ते निभलं. उतरताना मात्र गाडीने त्याला सोडेचना. सीट खाली, गुडघे वर, एक पाय निकामी. मी काखेत हात घातला, ठेलेवाला धावला, अजून दोघं आले. "साहब को खींचो, साहब को खींचो!" विहिरीतून माणूस काढावा तसा आम्ही त्याला बाहेर काढला. शर्ट वर सरकला, चष्मा पडला. जे लोक त्याला नमस्कार करायचे ते कीव आल्यासारखे बघत होते. दादाने पोह्यांना हात लावला नाही. घरी आल्यावर वहिनींना म्हणाला, "बस... आता." आणि खरंच बस झालं. तो फाटकाबाहेर पडेना. डॉक्टरकडेही नको, वहिनींच्या माहेरी बेटम्याला नको. दिवसभर खिडकीत. त्याचं खाणं कमी झालं, होते तेवढे शब्दही आटायला लागले. माणूस आपल्या डोळ्यांदेखत विझत चालला होता, आणि मला सुचत होतं ते एवढंच की एखादा धट्टाकट्टा मुलगा नोकरीला ठेवावा, उचलायला.

"उचलायला माझा नवरा काय गहू आहे?" वहिनी म्हणाल्या.

त्यांनी काय केलं ते ऐका. दादा पलंगावरून कुणाचाही हात न धरता उठायचा, कारण वहिनींनी पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून तो बरोबर त्याच्या कमरेला आणला होता. त्यांनी सुतळी घेतली, जमिनीपासून गादीपर्यंत धरली आणि तिथे गाठ मारली. ती सुतळी पर्समध्ये घालून मला म्हणाल्या, "चला भावजी, गाड्या बघायच्यात." शोरूममधला पोरगा टचस्क्रीन दाखवतोय, सनरूफ उघडून दाखवतोय, आणि ही बाई पदर खोचून फरशीवर वाकून सीटची उंची मोजतेय! "मॅडम, सनरूफ तो देखिए." "भिया, आसमान बाद में देखेंगे, पहले बैठने तो दो." मी लाजेने पलीकडच्या गाडीचे टायर बघत होतो. सेडानच्या सीटा सुतळीच्या अर्ध्यातच संपायच्या. सगळ्यात धिप्पाड जी एसयूव्ही होती तिची सीट गाठीच्याही वर गेली, तिलाही वहिनींनी बाद केलं, "यात चढायला शिडी लागेल." तिसऱ्या शोरूममध्ये एका मधल्या आकाराच्या एसयूव्हीला गाठ बरोबर लागली. रंगसुद्धा नाही विचारला. "यात खाली बसायचं नाही आणि वर चढायचं पण नाही. नुसतं टेकायचं आणि वळायचं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, अहो पण चालवणार कोण? म्हणाल्या, मी.

आणि शिकल्या की! साठीला टेकलेली बाई, जन्मभर लुना चालवलेली. दादाच्या सेडानमध्ये शिकवायला बसलो होतो तेव्हा त्या बुटक्या असल्यामुळे त्यांना पुढच्या गाडीच्या बंपरपलीकडे काही दिसायचंच नाही, घाबरून स्टीअरिंगला चिकटायच्या. या गाडीत वर बसल्या आणि एकदम मोकळ्या झाल्या. "भावजी, पूर्ण चौक दिसतो हो! रिक्षावाला कुठून घुसणार ते मला त्याच्या आधी कळतं." माझा सेडानचा अभिमान तिथे पहिल्यांदा जरा लंगडा झाला, पण मी तसं कबूल केलं नाही.

खरं भांडण पुढेच. रविवारी सकाळी वहिनी गाडी फाटकाशी लावायच्या, डावीकडचं दार आतून ढकलून उघडायच्या आणि स्वतः आपल्या जागेवर बसून राहायच्या. दादा काठी टेकत यायचा. गाडीकडे पाठ करायची, सीटवर टेकायचं, मग डाव्या हाताने उजवा पाय उचलून आत घ्यायचा, मग डावा. त्याला वेळ लागायचा. पाय निसटायचा, काठी पडायची, तो धापा टाकायचा. आणि वहिनी काचेतून सरळ समोर बघत बसलेल्या! मान वळवायच्या नाहीत. दोन्ही हात स्टीअरिंगवर. गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या, "कैसी पत्थर औरत है." मला पण राग यायचा. एकदा काठी उचलायला पुढे झालो तर कडाडल्या, "भावजी, मधे येऊ नका!" मी म्हटलं, अहो माणुसकी म्हणून काही आहे की नाही? "एकदा हात दिला ना, की ते दुसऱ्यांदा हाताची वाट बघतील. आणि मग तिसऱ्यांदा येणारच नाहीत." असं म्हणून पुन्हा समोर. दार धाडकन लागायचं, दादा "चल" म्हणायचा, आणि गाडी निघायची. पोह्यांच्या ठेल्यावर तो आपल्या पायांनी उतरायचा. ठेलेवाला "आइए वकील साहब" म्हणायचा. बेटम्याला वहिनींच्या भावाकडे हुरड्याला जायचे, लग्नांना जायचे. माझा भाऊ मला परत मिळाला, त्या गाडीमुळे, हे मी मान्य करतो. पण समोर बघत बसलेली ती बाई मला काही केल्या उमगली नाही. नवरा धडपडतोय आणि बायको सिग्नलला थांबल्यासारखी बसलीय, हे मला बघवायचं नाही.

वहिनी गेल्यावर दादा पुन्हा खिडकीत जाऊन बसला. त्याचा मुलगा बंगळुरूहून आला होता. म्हणाला, "काका, गाडी काढून टाकू, आता कोण चालवणार? बाबांसाठी माणूस ठेवू." मुलगा चांगला आहे, काळजीनेच बोलत होता. मी हो-हो म्हणत होतो. तेरावं झालं, मुलगा परत गेला, आणि मला धास्ती पडली की हा आता उठणार नाही. मुलगा, डॉक्टर, मी, कुणीही सांगून काही उपयोग नव्हता. ज्या बाईच्या हट्टाने तो दारापर्यंत यायचा तीच नव्हती.

मागच्या रविवारी सकाळी मी गेलो तर दादा दाढी करून, शर्ट घालून बसलेला. "पोहे," म्हणाला.

माझी सेडान बाहेर उभी होती, पण मी वहिनींची किल्ली घेतली. गाडी फाटकाशी लावली, डावीकडचं दार ढकललं. दादा आला, पाठ केली, टेकला. उजवा पाय उचलायला गेला आणि पाय निसटला. काठी खडखडत खाली पडली. तो वाकला, पोचेना, तोंडातून एक बारीक कण्हल्यासारखा आवाज निघाला. बाहेर उभं राहून तो आवाज कधी ऐकू येत नसे. आत मात्र अगदी कानाशी येतो. माझा डावा हात आपोआप उठला. मी तो स्टीअरिंगवर घट्ट दाबून धरला आणि समोर बघत राहिलो. देवाशपथ सांगतो, मी आयुष्यात इतकं अवघड काम केलेलं नाही.

तेव्हा बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. खाली बघितलं. स्टीअरिंगचं कातडी कव्हर उजवीकडे जसंच्या तसं होतं, शोरूममधून आणल्यासारखं. डावीकडे, बरोबर माझ्या हाताखाली, त्याची शिवण पार उसवलेली होती. कातड्यावर नखांचे खोल ओरखडे, एकावर एक, आणि काही ठिकाणी आतला फोम उकरून निघालेला.

दार धाडकन लागलं. मी गाडी सुरू केली नाही. दादाने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. त्याने आपला चांगला हात पलीकडून आणला आणि त्या फाटक्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"नेहमी," तो म्हणाला. शब्द शोधायला त्याला जरा वेळ लागला. "मी... बघायचो."

मग म्हणाला, "चल."