पट्टीचा वास घेणारे मामा

माणसाच्या कातडीवर आमच्या मामांइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात जळीत वॉर्डात पट्ट्या बांधणारे ड्रेसर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. चारचौघं माणसाच्या तोंडाकडे बघतात, मामा दंडाकडे आणि पोटऱ्यांकडे बघायचे. मुलीकडची मंडळी मला बघायला अहमदपूरला आली तेव्हा माझे वडील मोठ्या उत्साहाने सांगत होते, मुलगा गणिताचा मास्तर आहे, निर्व्यसनी आहे, खोटं कधी बोलत नाही. मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते माझा दंड दोन बोटांच्या चिमटीत धरून बसले होते. शेवटी म्हणाले, "पोराची कातडी लई चांगली हाय. करून टाका." आणि लग्न ठरलं. मामांनी कातडीशिवाय दुसरं काही बघितलं नाही म्हणून ही वेळ आली, असं बायको अजून म्हणते. मामांचं आठवून लिहायला बसलं की असं सुरुवातीला हसू येतं. ते फार टिकत नाही.

त्यांच्यासोबत खायला-प्यायला बसणं ही शिक्षा होती. चहावर साय आली की ती चमच्याने अलगद उचलून उजेडाला धरायचे. "जळल्या जागी लावाया मांडीवरची कातडी काढायची ती एवढी पातळ. पल्याडचं दिसाया पाहिजे. जाड काढली की जखमेपरीस मांडीच जास्त रडती." एवढं सांगून ती साय खाऊन टाकायचे. मेहुण्याच्या लग्नात तर कहर झाला. पंगतीत त्यांनी पोळी हातात घेतली, सुरीने तिला ओळीने बारीक चिरा पाडल्या आणि दोन्हीकडून ताणून तिची जाळी शेजारच्या व्याह्यांपुढे धरली. "बघा, एवढ्याशा कातडीत केवढी जखम झाकती! आन् ह्या भोकातून खालचं पाणी निघून जातं, साचत न्हाई." व्याही बिलोलीचे, भिडस्त माणूस. त्यांनी तोंडातला घास कसाबसा गिळला आणि पुढे फक्त ताक प्यायले. मामींनी येऊन ती पोळी मुकाट्याने उचलून नेली.

वॉर्डात मात्र मामांचं राज्य होतं आणि त्या राज्यात कायदा एकच होता. जखमेवर नवी कातडी बसवली की पाच दिवस पट्टी उघडायची नाही. ह्याच दिवसांत कातडी खालच्या मांसाला धरते. हलली की गेली. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. आजाऱ्याला भेटायला दोन जीप भरून माणसं येतात, आणि आलेल्याला जखम दाखवली नाही तर त्याला पाहुणचार झाल्यासारखं वाटत नाही. "जरा बघू तरी" म्हणून हात पुढे येतोच. मामा दारात स्टूल टाकून बसायचे. "मी सख्खा भाऊ आहे तिचा," कुणी म्हणालं की म्हणायचे, "हाव का? मग सख्ख्या भावावानी भाईर बसा." एक आई रोज म्हणायची, माझी कातडी काढा आणि लेकीला लावा. तिला ते समजावून सांगायचे, "माय, दुसऱ्याची कायमची धरत न्हाई. ज्याची त्यालाच लागती." ती लेक गेली त्या दिवशी घरी येऊन मामा आंघोळ करून बसले आणि जेवायला उठलेच नाहीत. त्या वॉर्डात पाचव्या दिवसापर्यंत न पोचणारीही पुष्कळ होती.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट, असं मामा म्हणायचे. आत खाज सुटते, मनात नाही नाही ते येतं, आणि आजाऱ्याचा हात आपोआप पट्टीकडे जातो. म्हणून ते सगळ्यांना दोन्ही हात डोक्याखाली घेऊन झोपायला शिकवायचे. ज्याचा तिसरा दिवस असेल त्याच्यापाशी सकाळी जायचे, वाकायचे, नाक पट्टीला लावायचे, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे. सगळा वॉर्ड गप्प. मग मान वर करून एकच शब्द, "धरली!" मी डबा घेऊन गेलो होतो तेव्हा हे डोळ्यांनी बघितलंय. ज्याला सांगितलं त्याचा चेहरा असा सुटायचा की बघणाऱ्यालाही रडू यावं.

मामा निवृत्त झाले आणि त्यांना साखरेने गाठलं. पावलांची संवेदना गेली. एका सकाळी बंबातलं कढत पाणी त्यांनी उजव्या पायावर ओतून घेतलं आणि त्यांना कळलंच नाही. अंगण ओलांडून ते चहाला येऊन बसले तेव्हा मामींनी विचारलं, "अहो, पायाचं काय करून घेतलंत?" जन्मभर दुसऱ्यांच्या जखमा हुंगणाऱ्या माणसाला स्वतःची जखम बायकोनं दाखवावी लागली. ती काही केल्या भरेना. शेवटी त्यांच्याच दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी, ज्यांना पट्टी बांधायला मामांनीच शिकवलं होतं, डाव्या मांडीची कातडी काढून पायावर बसवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याजवळ होतो. मामा सारखे पायाकडे बघत होते. म्हणाले, "जावई, जरा वास घेऊन बघता का?" मी वाकलो. औषधाचा वास आला, दुसरं काही नाही. मी आपलं खरं ते सांगितलं, "मला ह्यातलं काही कळत नाही हो, मामा." त्यांनी उशाचा तांब्या माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "बरं. पानी तेवढं भरून आना."

तांब्या भरून आलो तर पट्टी उघडलेली. दुसऱ्यांच्या पट्ट्या पाण्याने भिजवून भिजवून काढणाऱ्या मामांनी स्वतःची कोरडीच ओढली होती. त्यांच्या हातातल्या कापडाला पायावरची कातडी चिकटून आली होती. नवी, गुलाबी.

"धरली होती हो, जावई," मामा म्हणाले.

मला त्यांचा भयंकर राग आला. पाच दिवसांचा कायदा ज्यानं केला त्यानंच मोडावा? मी विचारलं, "तुम्हाला तर वासावरून कळतं ना?"

"वासावरून धरल्याचं कुनालाच कळत न्हाई. सडल्याचं तेवढं कळतं. मी आपलं सगळ्याला धरली म्हनून सांगायचो. मानूस पाच दिस थांबतो त्यानं. वंगाळ वास आलाच तर भाईर जाऊन डॉक्टरला खरं सांगायचं."

"हे माहीत असून मला कशाला विचारलंत?"

"मला बी कुनीतरी सांगावं वाटलं."

मॅडम रागावल्या, रडल्या आणि काही आठवड्यांनी उजव्या मांडीची कातडी काढून पुन्हा बसवली. ह्या वेळी मी शाळेतून रजा घेऊन तिसऱ्या दिवशी सकाळीच पोचलो. मामा काही विचारायच्या आत वाकलो, नाक पट्टीला लावलं, डोळे मिटले. आणि तो वंगाळ वास आला. कुणी शिकवायची गरज नव्हती. मी मान वर केली आणि म्हणालो, "धरली!"

मामांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग हसले. "शिकलात की, जावई. आता भाईर जाऊन मॅडमला खरं काय ते सांगा."

मी सांगून परत आलो तेव्हा मामा डोळे मिटून पडले होते. दोन्ही हात डोक्याखाली घेतले होते, वॉर्डातल्या शहाण्या आजाऱ्यासारखे.

पाय गुडघ्याखालून गेला, आणि वर्षाच्या आत मामाही गेले. बायको मला समजावते, साखर एवढी होती, पाय तसाही राहिला नसता. असेलही. पण पहिल्या वेळची ती गुलाबी कातडी मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. वर्गात पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगताना हल्ली मी मध्येच थांबतो, खडू घेऊन फळ्याकडे वळतो. जन्मात एकदाच मला कुणी खोटं बोलायला सांगितलं होतं, आणि ते मला त्या दुपारी बोलता आलं नाही.